वावरातला मुक्काम

बाबा गुरुवारी सकाळी गेले. त्याआधी सोमवारी आम्ही प्रवासाहून घरी आलो होतो. त्याआधी शनिवारी बाबांनी मला एक गोष्ट सांगितली आणि ती आईला सांगू नकोस म्हणाले. मी सांगितली नाही.

एवढं लिहायला मला चार महिने लागले. आता बाकीचं लिहिते.

बाबा चाकणच्या एका कंपनीत टूलरूमला होते. तरुणपणी लातूरकडून आले, आधी काळेवाडीत दोन खोल्यांत राहिले, मग पिंपळे सौदागरला फ्लॅट घेतला आणि रोज कंपनीच्या बसने जात-येत राहिले. मार्चमध्ये ते निवृत्त होणार होते. साठलेली रजा तशीच वाया जाणार म्हणून त्यांनी जानेवारीत ती सगळी घेतली आणि बरीच वर्षं मनात असलेली गोष्ट केली. एक जुनी आठ सीटची व्हॅन घेतली. मागच्या सीटा काढून प्लायवुडचा पलंग बसवला. मागचं दार उघडलं की बाहेर सरकेल अशी एक फळी केली, शेगडी ठेवायला. निघण्याआधी सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे काम दोन महिने चाललं होतं.

खालच्या मजल्यावरचे एक गृहस्थ रोज जाता-येता थांबायचे. "काका, चायनीजची गाडी टाकताय का?"

"हो," बाबा मान वर न करता म्हणायचे. "पहिली प्लेट तुम्हालाच."

आई आधी तयार नव्हती. ती खेड तालुक्यातली, चाकणजवळच्या गावची. शहरात इतकी वर्षं काढूनही चिडली की तिच्या तोंडी गावची भाषा येते. "म्हातारपणी मला रस्त्यावर झोपवणार व्हय तुम्ही?" असं तिने पंधरा दिवस ऐकवलं. निघाल्यावर मात्र आठवड्याभरात सगळा कारभार तिच्याकडे गेला. संध्याकाळी कुठे थांबायचं हे ती ठरवू लागली. आधी पाणी बघायची, मग शेजार, मग सावली. पेट्रोलपंपाचं आवार, धर्मशाळेचं अंगण, कुणाचं शेत, कुठेही ती आधी उतरायची आणि परवानगी मागून यायची. गुजरातेत, राजस्थानात तिने ही परवानगी मराठीतच मागितली आणि ती तिला दर वेळी मिळाली. बाबा तिला सुपरवायझर म्हणू लागले.

आम्ही तिघंच होतो. मी त्यांची एकुलती एक मुलगी, शाळेच्या ग्रंथालयात काम करते, लग्न केलेलं नाही. मी गाडी चालवते, पण कच्छमधले दोन रिकामे रस्ते सोडले तर बाबांनी सगळा वेळ स्टेअरिंग स्वतःकडेच ठेवलं होतं. मी मागे पलंगावर बसून वाचत असायची. त्यांचं बोलणं पुढे चाललेलं असायचं. लहानपणापासून आमच्या घरात असंच आहे. बाबा आणि आई बोलतात, मी ऐकते.

परतीचा शेवटचा मुक्काम आईने निघण्याआधीच ठरवून ठेवला होता. मामाच्या वावरात. तिच्या माहेरची जमीन कारखान्यांसाठी गेली त्याला आता खूप वर्षं झाली, पण रस्त्याच्या आत एक तुकडा उरला होता, अर्धा एकरही नसेल. मामा तो विकणार होता. बोलणी झाली होती, फेब्रुवारीत खरेदीखत व्हायचं होतं आणि बहीण म्हणून आईचीही सही लागणार होती. आईने विकायला नाही म्हटलं नव्हतं. तिने एवढंच म्हटलं होतं की सही करण्याआधी मला तिथं दोन दिवस राहायचंय. घर नाही, खोली नाही, नुसतं वावर. तिथे एरवी राहणार कसं? गाडी आणि सोबत घेतलेला तंबू असल्यामुळे ते जमणार होतं. पुढच्या महिन्यात ते जमलं नसतं.

शुक्रवारी आम्ही संगमनेरच्या अलीकडे एका शेतकऱ्याच्या विहिरीपाशी थांबलो होतो. शनिवारी सकाळी थंडी होती. मी स्वेटरवर शाल घेऊन तोंड धुवायला विहिरीकडे गेले तर बाबा कठड्यावर बसलेले. अंगात नुसता शर्ट, आणि कपाळावर घाम. डाव्या हाताने उजवा नव्हे, उजव्या हाताने डावा खांदा दाबत होते. हे मी लिहिताना चुकले, पण तसंच ठेवते. त्या वेळीही मला क्षणभर कुठला हात कुठे आहे ते कळलं नव्हतं.

"काय झालं?"

"काही नाही गं. ॲसिडिटी. आणि हा खांदा भरून आलाय, गाडीनं."

"इतका घाम का आलाय?"

"जरा वेळ झाला. आता उतरतंय." मग त्यांनी गाडीकडे बघितलं. आई पीठ मळत होती. "हिला सांगू नको लेकरा. ही गाडी इथंच थांबवंल, मग आज डॉक्टर, उद्या डॉक्टर. तिचं वावर राहून जाईल."

"पण दाखवायला तर पाहिजे."

"गुरुवारी आमचं मेडिकल हाय की. रक्त, ईसीजी, सगळंच काढतेत. माझी फाईल हाय तिथं. इथल्या माणसाला माझं काय ठाऊक?"

कंपनीत दर वर्षी तुकड्या पाडून सगळ्यांची तपासणी होते. बाबांच्या पिढीतली माणसं तिला नुसतं मेडिकल म्हणतात. त्या दिवसापर्यंत सगळी दुखणी थांबवून ठेवायची त्यांची रीत आहे. गुडघा दुखतो, मेडिकलला दाखवू. डोळ्यापुढे अंधारी येते, मेडिकल येतंयच. एकदा का त्या कागदावर शिक्का बसला की वर्षाची काळजी मिटली. मी लहानपणापासून हे ऐकत आले होते. त्यामुळे गुरुवार हे उत्तर मला उत्तरासारखं वाटलं. मी मनात दिवस मोजले. शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार. पाच दिवस मला जास्त वाटले नाहीत.

आणि आणखी एक कारण होतं. बाबांनी मला काही सांगितलं आणि आईला नाही, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं होतं. ते मला आवडलं. हे कबूल करायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

मी बरं म्हणाले. त्यांनी तोंडावर पाणी मारलं, शर्ट झटकला आणि गाडीकडे जाऊन आईला म्हणाले, "सुपरवायझर, चहा लेट."

"दोन माणसं विहिरीवर गप्पा छाटत बसली तर कामाला कोण? मी एकटी?"

"प्रॉडक्शन मीटिंग होती."

आईने उलथनं उगारलं. मी हसले. तासाभरात आम्ही संगमनेरमधून गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दवाखान्यांच्या पाट्या होत्या. मी त्या वाचल्या. पाटी दिसली की वाचायची ही माझी सवय आहे.

चंदनापुरीचा घाट बाबांनीच चालवला. आळेफाट्याच्या पुढे त्यांनी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि किल्ली मला दिली. "घे चार्ज."

कंपनीत शिफ्ट बदलताना जुना माणूस मशीन सोडून तसाच जात नाही. नव्याला शेजारी उभं करून सगळं सांगतो. कुठला आवाज येतोय, कुठला बोल्ट ढिला आहे, काय अर्धवट राहिलंय. सांगून झालं की नवा माणूस विचारतो. बाबा म्हणायचे, सांगायचं काम देणाऱ्याचं आणि विचारायचं काम घेणाऱ्याचं. विचारलं नाही आणि पुढे काही झालं तर चूक घेणाऱ्याची. त्या दिवशी रस्त्याच्या कडेला उभं राहून त्यांनी मला तसाच चार्ज दिला. क्लच वर धरतो, पाय पूर्ण उचल. डावा आरसा हलतो. चौथा पडताना अडतो, जोर करू नको. ब्रेक मारायला उशीर नको, मागे वजन आहे. सिलिंडर बंद केलाय, मी स्वतः बघितलाय.

"अजून काय?" मी हसत विचारलं.

"अजून काय नाही. घे."

आई खिडकीतून बघत होती. "मला बी कोणीतरी चार्ज घ्यायला द्या. तीस-पस्तीस वर्षं एकच शिफ्ट चाललीय माझी."

बाबा मागे जाऊन पलंगावर आडवे झाले. चोवीस दिवसांत ते दिवसा कधी आडवे झाले नव्हते. आरशातून मला त्यांचे पाय दिसत होते, बूट काढलेले, मोजे तसेच. नारायणगाव, मंचर, खेड. मी नीट चालवली. चाकणच्या चौकात नेहमीसारखे कंटेनर अडकले होते आणि आम्ही पाऊण तास जागेवर उभे होतो. आई म्हणाली, "सगळा देश फिरलो, कुठं अडलो न्हाई. घराच्या दारात अडलो." मागून बाबांचा आवाज आला, "घरचं माणूसच वाट अडवतं." ते जागे होते.

वावराला दोन बाजूंनी कारखान्यांच्या भिंती आहेत. तिसऱ्या बाजूला रस्ता, चौथ्या बाजूला गोदाम. मध्ये मामाने हरभरा केला होता. गाडी आत घेतली तेव्हा तो बांधावर उभा होता.

"दाजी, एवढी हाटेलं सोडून वावरात आलाय व्हय?"

"तुमच्या बहिणीचा हुकूम."

"मंग काय, संपलंच. आमच्या बापाला बी तिच्यापुढं बोलायची सोय नव्हती." मामाने गाडीच्या मागचं दार उघडून आत डोकं घातलं, फळी ओढून बघितली, पुन्हा आत ढकलली. "दाजी, ही गाडी मला द्या. जमीन गेल्यावर मी बी हिंडतो."

तंबू बाबांनीच ठोकायला घेतला. दोन खुंट्या ठोकल्या आणि हातोडा खाली ठेवून ते बसले. मी पुढे झाले. "राहू द्या, मी करते." ते माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत राहिले, म्हणजे आई बघतेय का ते बघत होते. आई बघत नव्हती. ती भिंतीपाशी गेली होती आणि मामाला विचारत होती, विहीर नेमकी कुठं होती रे? मामाने भिंतीच्या पलीकडे, पत्र्याच्या छपराकडे बोट केलं. "त्याच्या खाली. बुजवली." आई त्या छपराकडे बघत उभी राहिली. तेवढ्यात पलीकडे शिफ्टचा भोंगा झाला. तिने पदर डोक्यावरून घेतला आणि परत आली.

रविवार पूर्ण तिथेच गेला. आईने तीन दगड मांडले आणि शेगडी असून चुलीवर पिठलं केलं. हरभऱ्याचे कोवळे शेंडे खुडून भाजी केली. ही भाजी तिची आई करायची म्हणाली. बाबा प्लास्टिकच्या खुर्चीत उन्हाला पाठ करून बसले होते. त्यांनी दोन भाकरी खाल्ल्या. त्यांचा रंग मला बरा वाटला. मी दोनदा हळूच विचारलं, दोन्ही वेळा त्यांनी मान हलवली. दुपारी मी एकदा मनाशी ठरवलं की आता आईला सांगायचं. तेव्हा ती मामाच्या बरोबर बांधाने चालत होती आणि तिच्या हातात चप्पल होती. अनवाणी चालत होती. मी सांगितलं नाही. मला वाटलं, उद्या सकाळी निघायचंच आहे.

सोमवारी निघताना ती बाबांना म्हणाली, "बास. आता मला कुठं न्यायला नको. माझं झालं."

"लिहून दे," बाबा म्हणाले.

घरापर्यंत मीच चालवली. मंगळवारी मी शाळेत गेले. बुधवारी संध्याकाळी बाबा पार्किंगमध्ये गाडीचा पलंग काढून धुऊन ठेवत होते तेव्हा मी खाली जाऊन ओरडले, तुम्हाला हे आत्ताच करायचं होतं का? ते म्हणाले, "उद्या मेडिकल झालं की निवांत."

गुरुवारी रक्त द्यायचं म्हणून ते उपाशीपोटी निघणार होते. चहासुद्धा घेतला नाही. आंघोळ करून, कपडे करून दाराजवळच्या स्टुलावर बूट घालायला बसले. एक बूट घातला. आई आत त्यांचा डबा भरत होती, रक्त दिल्यावर खायला. मी माझ्या खोलीत होते. काही पडल्याचा आवाज आला.

डॉक्टरांनी जे सांगितलं ते दोन वाक्यांचं होतं. ते आईने ऐकलं, मीही ऐकलं. त्यात शनिवारचा उल्लेख नव्हता, कारण त्यांना कुणी शनिवार सांगितला नव्हता.

पुढचे तेरा दिवस घरात माणसं होती. कंपनीतले लोक तुकड्या-तुकड्यांनी यायचे, पहिल्या शिफ्टचे दुपारनंतर, दुसऱ्या शिफ्टचे सकाळी. लातूरकडचे नातेवाईक आले. गावचे आले. प्रत्येकाला आई तेच सांगायची. काहीसुद्धा त्रास नव्हता. चोवीस दिवस गाडी चालवली. रविवारी आमच्या वावरात दोन भाकरी खाल्ल्या. चालता-बोलता गेले. माणसं म्हणायची, पुण्यवान. आई मान डोलवायची. मी तिच्या शेजारी सतरंजीवर बसलेली असायची. ते सांगताना तिचा आवाज ठाम व्हायचा, तिला त्याचाच आधार होता. आणि त्यात खोटं तेवढं माझं होतं.

मी स्वतःला समजावलं की तिला हे सांगणं क्रूर होईल. बाबांनी ज्यासाठी मला गप्प केलं तेच त्यामुळे मोडेल. तिचे ते दोन दिवस जातील. मग मला असंही वाटायचं की मी तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी गप्प आहे. दोन्ही खरं होतं. कुठलं किती, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

खरेदीखत फेब्रुवारीऐवजी मार्चमध्ये झालं, आमच्या सुतकामुळे आणि मग कागदांमुळे. खेडला दुय्यम निबंधकांच्या कचेरीत आम्ही सकाळपासून बसलो होतो. आईचा अंगठ्याचा ठसा मशीनवर उमटत नव्हता. भांडी घासून रेषा गेल्यात, असं तिथला माणूस म्हणाला. चौथ्या वेळेला उमटला. तिने सही केली, मामाने केली. बाहेर आल्यावर मामा रडला. आई रडली नाही.

परतताना मी गाडी चालवत होते, तीच व्हॅन. चाकणच्या चौकात पुन्हा अडकलो. आई बराच वेळ समोरच्या कंटेनरकडे बघत होती. मग म्हणाली, "आता तर ते वावर बी गेलं. तू मला एक खरं सांग. त्या रविवारी त्यांना बरं होतं ना? मी मनाचं सांगते लोकांना, का खरंच बरं होतं?"

मला तेव्हा हो म्हणता आलं असतं. तिची सही करून झाली होती. ती मागे घेता येणार नव्हती, बाबा परत येणार नव्हते. पण तिने विचारलं होतं. चार्ज घेताना मी असं खरं विचारलं नव्हतं.

मी सांगितलं. विहिरीचा कठडा, घाम, खांदा, गुरुवार. त्यांनी सांगू नकोस म्हटलं ते. मी बरं म्हटलं ते.

"कुठल्या गावापाशी?" तिने विचारलं.

"संगमनेरच्या अलीकडे."

"म्हणजे मोठं गाव होतं. दवाखाने असतील."

"होते."

कंटेनर थोडा पुढे सरकला. मी पहिला गिअर टाकला आणि पुन्हा थांबले.

"मला इचारलं असतं तर मी वावर सोडलं असतं," ती म्हणाली.

"ते त्यांना माहीत होतं."

"त्यांना व्हतं. तुला बी व्हतं." ती रागाने बोलली नाही. मोशीच्या पुढे म्हणाली, "त्यांनी पिठलं मागून घेतलं होतं. ते तरी भूक लागली म्हणून, का माझ्यासाठी?"

"मला माहीत नाही, आई."

"न्हाई ना." तिने खिडकीची काच खाली केली. "आता कुणालाच न्हाई."

त्या दिवसानंतर दोन आठवड्यांनी लातूरहून बाबांची एक चुलत बहीण आली. उशिरा कळलं म्हणून उशिरा आली. तिने आईला विचारलं, काही त्रास होता का? आई म्हणाली, "होता. आम्हाला कळला न्हाई." माझ्याकडे तिने बघितलं नाही. ती 'आम्हाला' म्हणाली. त्याबद्दल मी तिला अजून काही बोललेले नाही.

मे महिना सुरू आहे. शाळेला सुट्टी आहे. घरात आम्ही दोघी आहोत. सकाळचा स्वयंपाक ती करते, संध्याकाळचा मी. मी जेवले का ते ती विचारते. तिचं ब्लडप्रेशर मी दर रविवारी बघते आणि आकडा तिला सांगते. त्या शनिवारबद्दल आमच्यात पुन्हा बोलणं झालेलं नाही.